कोपऱ्यापासून दीडशे: ऑटोकॅडमध्ये वस्तू मोजून सरकवायची कशी

मिस्त्री दरवाजाची चौकट उभी करतो तेव्हा ती आत्ता कुठे टेकवून ठेवली आहे याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. टेपचं टोक कोपऱ्यात धरायला पोराला सांगतो, सहा इंचांवर पेन्सिलीने खूण करतो आणि चौकट आणून त्या खुणेला लावतो. झालं काम.

कॅड, म्हणजे ऑटोकॅडसारख्या सॉफ्टवेअरने संगणकावर नकाशे काढणं, नव्याने शिकणारा माणूस नेमकं उलटं करतो. मीही दीडेक वर्ष केलं. दरवाजा आत्ता कोपऱ्यापासून किती लांब आहे ते आधी मोजायचं. समजा १३७ आलं. हवेत १५०. वजाबाकी करायची, उत्तर १३, मग दरवाजा १३ ने सरकवायचा. पुन्हा मोजलं की १५० दिसतं आणि आपण खूश. पण दरवाजा मुळात १३७.३८ वर होता. पडद्यावर फक्त पूर्णांक दिसत होते, म्हणून १३७ वाटला. आता तो १५०.३८ वर आहे. अशी चार-पाच सरकवासरकवी झाली की रेघा कोपऱ्यात एकमेकींना भेटत नाहीत, हॅच (बंद आकारातल्या रेघोट्या) भरायला गेलं की हद्द बंद नाही म्हणून तक्रार येते आणि डायमेन्शनची, म्हणजे नकाशावर लिहिलेल्या मापांची, बेरीज एकूण लांबीशी जुळत नाही.

म्हणून वजाबाकी सोडा, मिस्त्रीसारखं खुणेपासून मोजा. ऑटोकॅडमध्ये त्याची सोय आहे, फक्त शिकवणीच्या पहिल्या महिन्यात ती कुणी दाखवत नाही. खाली लिहिलेलं सगळं दोन मितींच्या नकाशांसाठी आहे, म्हणजे प्लॅन, एलिव्हेशन, सेक्शन. ऑटोकॅडच्या एलटी आवृत्तीतही हे चालतं. त्याच्यासारख्या दिसणाऱ्या, त्याच वळणाच्या इतर सॉफ्टवेअरमध्येही कमांड बहुतेक याच नावांनी सापडतात.

१. सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- फाइलची एक प्रत, वेगळ्या नावाने सेव्ह केलेली. शिकताना मूळ फाइलवर हात चालवू नका.
- जागेवरची मापं लिहिलेला कागद. मापं कशापासून घेतली हेही त्यावर हवं, विटेपासून की प्लास्टरपासून.
- चाक असलेला माउस. लॅपटॉपच्या टचपॅडवर हे काम करणं म्हणजे हातमोजे घालून सुईत दोरा ओवणं.
- कमांड लाइन पडद्यावर दिसत असलेली. ती बंद झाली असेल तर कंट्रोल आणि ९ एकदम दाबा, परत येते.
- विद्यार्थी असाल तर ऑटोडेस्कचं शैक्षणिक लायसन्स मोफत मिळतं आणि दरवर्षी नवं करून घेता येतं. तेही नको असेल तर लिब्रेकॅड कायमच मोफत आहे, त्याबद्दल शेवटाकडे दोन ओळी आहेत.

आणखी एक गोष्ट, हसू नका. कळफलक इंग्रजीवर आहे ना, ते बघा. मी इथे कमांड देवनागरीत लिहितो आहे, तुम्ही त्या इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या. आकडेही इंग्रजीच. घरी मराठीत पत्र टाइप करून तसाच ऑटोकॅड उघडला आणि कमांड चालत नाहीत म्हणून सगळं पुन्हा इन्स्टॉल करायला निघालेला माणूस मी पाहिला आहे. रोज आरशात दिसतो.

२. कागदावर तीन शब्द लिहा: पकड, खूण, अंतर

कमांड द्यायच्या आधी हे करा. पहिले काही दिवस खरोखर कागदावरच.

पकड म्हणजे वस्तूचा तो एक बिंदू, जो तुम्ही चिमटीत धरणार आहात. खूण म्हणजे नकाशातला न हलणारा बिंदू, जिथे टेपचं टोक धरायचं. अंतर म्हणजे खुणेपासून पकड किती लांब आणि कोणत्या दिशेला.

“दरवाजा भिंतीपासून दीडशे” हे वाक्य ऐकायला पुरेसं वाटतं, पण त्यात यांतलं एकही धड नाही. दरवाजाचं काय? चौकटीची बाहेरची कड, आतली कड की भिंतीतल्या ओपनिंगची कड? साधी लाकडी चौकट साधारण ६० मिलिमीटर जाडीची धरली तर एवढ्यावरच दोन अर्थांत ६० चा फरक पडतो. आणि भिंतीपासून म्हणजे कशापासून? आपल्याकडचे बहुतेक प्लॅन विटेच्या भिंतीचे असतात, बाहेरची २३० आणि आतली ११५ धरून. जागेवर जाऊन टेप लावाल तेव्हा मात्र आतून १२ मिलिमीटरच्या आसपास प्लास्टर चढलेलं असतं. तयार घरात १५० मोजून आणलं आणि विटेच्या रेघेपासून १५० टाकलं, की दरवाजा प्लास्टरच्या जाडीइतका चुकला. कॅडचा इथे काहीच दोष नाही, त्याने सांगितलं ते दशांशापर्यंत बरोबर केलं.

म्हणून असं लिहा. पकड: ओपनिंगची डावी कड, खोलीच्या आतल्या बाजूची. खूण: बेडरूमचा खालचा डावा कोपरा, विटेचा. अंतर: उजवीकडे १५०, वर शून्य.

३. एकक कोणतं ते ओळखा

आपल्याकडे एकाच इमारतीची तीन मापं फिरत असतात. महापालिकेत मंजुरीला जाणारा नकाशा मीटरमध्ये, साइटवरचं वर्किंग ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये आणि मिस्त्रीच्या तोंडी फूट, इंच नि सूत. फाइल मीटरची असेल तर दीडशे म्हणजे ०.१५. तिथे १५० टाइप केलंत तर दरवाजा दीडशे मीटर लांब, शेजारच्या सोसायटीत जाऊन पडेल.

ओळखायची सोपी युक्ती: डीआय टाइप करून एंटर द्या आणि माहीत असलेली एखादी गोष्ट मोजा, उदाहरणार्थ मुख्य दरवाजा. ९०० किंवा १००० आलं तर मिलिमीटर, ०.९ किंवा १ आलं तर मीटर, ३६ आलं तर इंच. युनिट्स कमांडमध्ये जाऊन मिलिमीटरच्या जागी मीटर निवडलं तरी आधी काढलेल्या रेघा लहान-मोठ्या होत नाहीत, ती फक्त पाटी बदलते. पाटी बदलून दुकानातला माल बदलत नाही.

त्याच युनिट्समध्ये दशांशाची अचूकता शून्य ठेवलेली असेल तर ती निदान दोन-तीन स्थळांपर्यंत वाढवा. वरचं १३७.३८ दिसलं असतं तर माझं दीड वर्ष वाचलं असतं.

४. स्नॅप आवरा

एफ३ ने ऑब्जेक्ट स्नॅप (रेघेचं टोक, मध्य असे नेमके बिंदू पकडायची सोय) चालू-बंद होतो. नवखे लोक उत्साहाच्या भरात त्यातले सगळे पर्याय टिक करून ठेवतात. मग कोपरा पकडायला गेलं की शेजारच्या हॅचचं टोक नाहीतर रेघेवरचा ‘निअरेस्ट’ बिंदू पकडला जातो, आणि तो कोपऱ्याच्या इतका जवळ असतो की डोळ्याला कळतसुद्धा नाही. एंडपॉइंट, मिडपॉइंट, सेंटर, इंटरसेक्शन आणि पर्पेंडिक्युलर एवढे चालू ठेवा. निअरेस्ट तर बंदच. लागेल तेव्हा शिफ्ट दाबून उजवं क्लिक करा, सगळ्या स्नॅपची यादी उघडते आणि निवडलेला स्नॅप तेवढ्या एका बिंदूपुरता लागू होतो.

एफ९ चुकून दाबला गेला असेल तर कर्सर बेडकासारखा उड्या मारत चालतो. तो ग्रिडचा स्नॅप, वेगळं प्रकरण. बंद करा.

५. साधा मूव्ह, आणि तो कुठे फसतो

एम टाइप करा, एंटर. वस्तू निवडा, पुन्हा एंटर. बेस पॉइंट विचारला जाईल, कुठेही क्लिक करा. दुसरा बिंदू विचारेल तेव्हा @१५०,० टाइप करून एंटर द्या. @ म्हणजे ‘आधीच्या बिंदूपासून’, पहिला आकडा आडवा, दुसरा उभा. वस्तू आहे तिथून उजवीकडे १५० सरकली. डावीकडे हवी तर @-१५०,० आणि वर हवी तर @०,१५०. एफ८ ने ऑर्थो (फक्त आडवं किंवा उभं सरकू देणारी सोय) चालू करून कर्सर हव्या दिशेला नेला आणि नुसतं १५० टाइप केलं तरी तेच होतं.

‘आहे तिथून इतकं सरकव’ यासाठी हे उत्तम. ‘खुणेपासून इतक्यावर नेऊन ठेव’ यासाठी नाही. दोन्ही वाक्यं एकच वाटतात, म्हणून इथेच गोंधळ होतो.

या कमांडमधले तीन खड्डे मी स्वतः पडून मोजले आहेत.

पहिला: बेस पॉइंटला क्लिक केलं आणि दुसऱ्या बिंदूला काहीच न देता एंटर दाबलं. ऑटोकॅड असं समजतो की पहिल्या बिंदूचे निर्देशांक हेच सरकवायचं अंतर. प्लॅन मूळबिंदूपासून, म्हणजे नकाशातल्या शून्य-शून्यपासून, ४०,००० वर काढलेला असेल तर वस्तू आणखी ४०,००० पुढे उडून जाते. पडद्यावरून दरवाजा गायब. लोकांना वाटतं पुसला गेला. पुसलेला नसतो. कंट्रोल आणि झेड दाबा, परत येईल.

दुसरा: स्वल्पविराम. वहीत आपण १,५०० लिहितो. कॅडमध्ये स्वल्पविराम म्हणजे आडवं आणि उभं यांच्यामधलं कुंपण. @१,५००,० असं काही टाइप केलं तर तो आडवं १, उभं ५०० आणि तिसऱ्या मितीत शून्य असं वाचतो. वरचे ४०,००० मी तुमच्यासाठी लिहिले आहेत, ऑटोकॅडसाठी नाहीत.

तिसरा: @ विसरणं. एफ१२ चं डायनॅमिक इनपुट चालू असेल तर दुसरा बिंदू आपोआप सापेक्ष धरला जातो, म्हणून @ शिवायही चालतं. बंद असेल तर तेच आकडे मूळबिंदूपासून मोजले जातात. एका संगणकावर चाललेली सवय दुसऱ्या संगणकावर दगा देते ती यामुळे. मी नेहमी @ लावतो. लावल्याने कधीच बिघडत नाही.

६. फ्रॉम: टेपचं टोक कोपऱ्यात

आता मुख्य गोष्ट. फ्रॉम ही स्वतंत्र कमांड नाही. ऑटोकॅड कुठेही बिंदू विचारत असेल तिथे मध्येच म्हणता येतं, ‘थांब, तो बिंदू मी अमक्यापासून मोजून सांगतो.’ ते म्हणण्याचा शब्द म्हणजे फ्रॉम.

कलम २ मधला दरवाजा घेऊ. तो आत्ता कुठेही असो.

१. एम, एंटर. दरवाजा निवडा, एंटर.
२. बेस पॉइंट: ओपनिंगच्या डाव्या कडेचं खोलीच्या बाजूचं टोक, एंडपॉइंट स्नॅपने. ही पकड.
३. दुसरा बिंदू विचारला की काहीही क्लिक न करता फ्रॉम टाइप करा, एंटर.
४. आता बेडरूमचा खालचा डावा कोपरा क्लिक करा. ही खूण. दरवाजा इथे येत नाही, घाबरू नका. तो अजून कर्सरलाच लटकलेला असतो.
५. ऑफसेट विचारलं जाईल. @१५०,० आणि एंटर.

दरवाजाची डावी कड कोपऱ्यापासून बरोबर १५० वर. आधी तो १३७.३८ वर होता की तीन खोल्या पलीकडे, याने फरक पडला नाही. वजाबाकी नाही आणि मागे राहिलेला दशांशही नाही.

पाचव्या पायरीला @ सक्तीचं समजा. इथे @ गाळलं तर फ्रॉमचा सगळा खटाटोप वाया जातो आणि तुम्ही दिलेले आकडे थेट मूळबिंदूपासून धरले जातात. फ्रॉम चालत नाही अशी तक्रार घेऊन माझ्याकडे आलेल्या दहातल्या नऊ जणांनी हेच केलेलं असतं. दहाव्याने चौथ्या पायरीनंतर माउसने आणखी एक क्लिक केलेलं असतं. त्या क्लिकनेही मोजणी मोडते. खूण क्लिक केली की माउस सोडून द्या, पुढचं काम कळफलकाचं.

दुसरं उदाहरण जरा गुंतागुंतीचं, कारण पकडच हाताला लागत नाही. संडासाचं भांडं बाजूच्या भिंतीपासून मध्यावर ४५० हवं आणि पाठ मागच्या भिंतीला टेकलेली हवी. पकड म्हणजे भांड्याच्या पाठीचा मध्य. पण ब्लॉक (एकच वस्तू म्हणून बांधलेलं तयार चित्र) कुठून तरी उतरवलेला असतो आणि पाठीची रेघ दोन-तीन तुकड्यांची, त्यामुळे मिडपॉइंट भलत्याच तुकड्याचा सापडतो. बेस पॉइंट विचारला की एमटूपी टाइप करा, म्हणजे एम, २ चा आकडा आणि पी. एंटर. मग पाठीचं एक टोक क्लिक करा, दुसरं टोक क्लिक करा. दोघांचा बरोबर मध्य पकडला जातो. पुढे तेच: फ्रॉम, एंटर, भिंतींचा आतला कोपरा, आणि मागची भिंत वर, बाजूची भिंत डावीकडे असेल तर @४५०,०. बाजूची भिंत उजवीकडे असेल तर @-४५०,०. उणे चिन्ह नीट बघा, नाहीतर भांडं भिंतीच्या पलीकडे शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात जाईल.

दोन्ही दिशांना अंतर असेल तर एकाच दमात देता येतं. छतावरचा दिवा वरच्या डाव्या कोपऱ्यापासून ६०० आत आणि ७५० खाली हवा असेल तर @६००,-७५०.

आणि हो, फ्रॉम फक्त मूव्हचं नाही. रेघ सुरू करताना, वर्तुळाचा मध्य देताना, कॉपी करताना, ब्लॉक टाकताना, सगळीकडे चालतं. मुळात वस्तू टाकतानाच फ्रॉम वापरलं तर नंतर सरकवायची वेळ येत नाही.

७. टाइप करायचा कंटाळा असेल तर

एफ३ सोबत एफ११ चालू करा. मूव्हमध्ये दुसरा बिंदू विचारला की कर्सर कोपऱ्यावर नेऊन क्षणभर थांबा, क्लिक करू नका. बारीक अधिकाचं चिन्ह उमटेल. आता कर्सर सरळ उजवीकडे न्या, ठिपक्यांची रेघ दिसेल, १५० टाइप करून एंटर. फ्रॉमचंच काम, हात जलद. मी एका दिशेचं अंतर असेल तेव्हा हेच वापरतो.

गडबड एवढीच की दाटीच्या नकाशात कर्सर जाता जाता आणखी दोन-चार बिंदूंवर रेंगाळतो, तिथेही अधिकाची चिन्हं उमटतात आणि मोजणी भलत्यापासून सुरू होते. नको असलेल्या चिन्हावर कर्सर पुन्हा नेला की ते पुसलं जातं. दाटी असेल तर सरळ फ्रॉमकडे वळा.

टीके नावाची आणखी एक जुनी वाट आहे. टीके, एंटर, कोपरा क्लिक, कर्सर उजवीकडे, ६००, एंटर, कर्सर खाली, ७५०, एंटर, आणि शेवटी आणखी एक रिकामं एंटर. पायऱ्या जास्त, पण उणे-अधिकची चूक होत नाही. ज्यांचा डावं-उजवं गोंधळतं त्यांनी हीच धरावी.

८. खूण बिंदू नसून रेघ असेल, किंवा खुणा दोन असतील

कपाटाचा पुढचा पृष्ठभाग समोरच्या भिंतीपासून ९०० वर हवा. कोपऱ्याशी काही संबंध नाही, भिंत ही नुसती लांब रेघ. अशा वेळी कामचलाऊ रेघ काढण्यात कमीपणा मानू नका. ऑफसेट कमांडने भिंतीची रेघ ९०० वर उतरवा. मग मूव्ह, बेस पॉइंट कपाटाच्या पुढच्या कडेवर, दुसरा बिंदू त्या उतरवलेल्या रेघेवर पर्पेंडिक्युलर स्नॅपने. कपाट सरळ पुढे किंवा मागे जाऊन रेघेला लागतं, आडवं सरकत नाही. कामचलाऊ रेघांसाठी लाल रंगाचा वेगळा लेयर (नकाशाचा थर) ठेवा आणि त्याची छपाई बंद करा. पुसायची राहिली तरी प्रिंटवर येणार नाही.

दोन खुणांचं उदाहरण प्लॉटवर येतं. आवारातलं आंब्याचं झाड वाचवायचं आहे, आणि मापं अशी आली: कंपाउंडच्या एका कोपऱ्यापासून ४२०० आणि दुसऱ्यापासून ५६००. आडवं-उभं कुणी मोजलेलं नाही, कारण मोकळ्या आवारात काटकोनात टेप धरणं सोपं नसतं. तर पहिल्या कोपऱ्यावर ४२०० त्रिज्येचं वर्तुळ काढा, दुसऱ्यावर ५६०० चं. दोन्ही जिथे एकमेकांना छेदतात तिथे झाड. एम, झाड निवडा, पकड बुंध्याचा मध्य, दुसरा बिंदू इंटरसेक्शन स्नॅपने तो छेद. छेद दोन मिळतात, एक आवारात आणि एक बहुधा रस्त्यावर. वर्तुळं छेदलीच नाहीत तर कुणीतरी माप चुकीचं वाचलं आहे. ते नकाशात दुरुस्त होत नाही, पुन्हा टेप घेऊन जावं लागतं.

९. तिरकी भिंत

जुन्या गावठाणातल्या प्लॉटला काटकोन क्वचितच असतो. तिरक्या भिंतीलगत १५० मोजायचे तर @१५०,० कामाचं नाही. @१५०<२३ असा कोन देता येतो, कोन पूर्वेकडून घड्याळाच्या उलट दिशेने मोजलेला. पण भिंतीचा खरा कोन २३ नसून २३.४७ आणि पुढे कितीतरी असतो, म्हणजे पुन्हा तेच दशांशाचं दुखणं.

त्यापेक्षा अक्षच फिरवा. यूसीएस, एंटर, भिंतीचा कोपरा क्लिक, भिंतीचं दुसरं टोक क्लिक, एंटर. आता आडवी दिशा म्हणजे भिंतीची दिशा. फ्रॉम घेऊन @१५०,० दिलं की भिंतीलगत १५०. काम झालं की यूसीएस, एंटर, डब्ल्यू, एंटर करून अक्ष जागेवर आणा. हे विसरलात तर पुढचा सगळा दिवस ऑर्थो तिरका चालेल आणि काय बिघडलं ते कळणार नाही.

१०. वस्तू भिंतीत अडकलेली असेल तर

खिडकी म्हणजे नुसता ब्लॉक नाही, तिच्या दोन्ही बाजूंना भिंतीच्या तुटक रेघा आहेत. नुसता मूव्ह केला तर खिडकी सरकते आणि भोक मागे राहतं. इथे स्ट्रेच वापरा: एस, एंटर, आणि निवड उजवीकडून डावीकडे चौकोन ओढून, म्हणजे हिरवा चौकोन. डावीकडून उजवीकडे ओढलेला निळा चौकोन फक्त पूर्ण आत आलेल्या वस्तू घेतो आणि मग ताणायला काही उरत नाही. चौकोनात ओपनिंगच्या दोन्ही कडा आल्या पाहिजेत, खोलीचे कोपरे येता कामा नयेत. पुढे बेस पॉइंट, फ्रॉम, खूण, ऑफसेट सगळं तसंच. ब्लॉकचा इन्सर्शन पॉइंट (तो नकाशात टाकताना ज्या बिंदूला धरून टाकतात तो) चौकोनात आला की पूर्ण ब्लॉक सरकतो, म्हणून खिडकीलगतचं बेसिन चौकोनात ओढलं जात नाही ना, ते बघून घ्या.

११. नकळत सरकणाऱ्या वस्तू

वस्तू निवडलेली असताना कंट्रोल आणि बाणाची कळ दाबली गेली तर ती पडद्यावरच्या दोन पिक्सेलइतकी सरकते. किती मिलिमीटर ते झूमवर अवलंबून. तसंच निवडलेल्या वस्तूच्या रेघेवर माउसचं बटण दाबून धरलं आणि हात हलला, की ती ओढली जाते. दोन्ही वेळा आवाज नाही, इशारा नाही. काम संपलं की एस्केप दाबून निवड सोडायची सवय लावा, आणि ग्रिड लाइन, कॉलम यांचे लेयर लॉक करून ठेवा. लॉक लेयरवरची वस्तू मूव्हला दाद देत नाही, पण तिचे कोपरे खूण म्हणून पकडता येतात. आपल्याला तेवढंच हवं असतं.

सर्व्हेची फाइल असेल तर आणखी एक: तिच्यातल्या बिंदूंना उंचीही असते. दोन बिंदूंमधलं अंतर वरून बघता ठीक दिसतं, पण डीआय भलताच आकडा देतो, कारण एक बिंदू ५६२ वर आणि दुसरा शून्यावर. ओस्नॅपझेड टाइप करून १ द्या, स्नॅप मग उंची सोडून देतो.

१२. तपासणी, आणि माझी फजिती

सरकवून झालं की डीआयने खुणेपासून पकडीपर्यंत मोजा. डायमेन्शनच्या आकड्यावर विसंबू नका, कारण तो हाताने बदलता येतो.

नोकरीच्या पहिल्या वर्षी एका बेडरूममध्ये दरवाजाच्या कडेपासून कोपऱ्यापर्यंत ६०० हवे होते, तिथे कपाट बसायचं होतं. मी दरवाजा नजरेने सरकवला. डायमेन्शनमध्ये ५८८ आलं. संध्याकाळचे सात वाजले होते, प्रिंट द्यायची घाई होती. मी डायमेन्शनवर डबल क्लिक केलं, ५८८ खोडून ६०० टाइप केलं. पुढे त्याच फाइलवरून खिडकी, इलेक्ट्रिकचे पॉइंट, टाइलचा लेआउट सगळं निघालं, अर्थात ५८८ धरून. सुताराने मात्र प्रिंटवरचा ६०० वाचून वर्कशॉपमध्ये कपाट बनवलं. बसवायला आणलं तर पल्ला चौकटीवर. सुतारकाका फार काही बोलले नाहीत. टेप उघडून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “साहेब, तुम्हीच वाचा.”

हाताने बदललेला आकडा ओळखायचा असेल तर डायमेन्शन निवडून प्रॉपर्टीज उघडा, कंट्रोल आणि १. टेक्स्ट ओव्हरराइड या रकान्यात काही लिहिलेलं असेल तर ते खोडून टाका, खरा आकडा लगेच दिसतो. दुसऱ्याची फाइल हातात आली की मी आधी हेच बघतो.

१३. लिब्रेकॅड वापरत असाल तर

तिथे फ्रॉम शोधत बसू नका. लिब्रेकॅडमध्ये सापेक्ष शून्यबिंदू असतो, पडद्यावर लाल वर्तुळासारखा दिसतो. तो आधी कोपऱ्यावर नेऊन ठेवा आणि त्याला कुलूप लावा. त्यानंतर @१५०,० त्या कोपऱ्यापासून मोजलं जातं. काम झालं की कुलूप काढायला विसरू नका.

१४. एक तासाचा सराव

रिकामी फाइल घ्या, मिलिमीटर. आतून १२०० बाय २१०० चं बाथरूम काढा, भोवती ११५ ची भिंत. पलीकडे मोकळ्या जागेत ७५० चा दरवाजा, भांड्याऐवजी ३८० बाय ७०० चा आयत आणि बेसिनऐवजी ४५० बाय ४०० चा आयत काढून ठेवा. मग फ्रॉम वापरून दरवाजा खालच्या डाव्या कोपऱ्यापासून १०० वर आणा. भांडं मागच्या भिंतीला टेकवून, डाव्या भिंतीपासून मध्यावर ४५०. बेसिनची पाठ उजव्या भिंतीला लावा, मध्य मागच्या भिंतीपासून १२०० वर. प्रत्येक वेळी आधी कागदावर पकड, खूण, अंतर. शेवटी तिन्ही अंतरं डीआयने मोजा, अचूकता चार दशांश ठेवून. कुठे ४५०.०००० ऐवजी ४५०.०१२७ आलं तर स्नॅप चुकला आहे, ती वस्तू पुन्हा करा. आणि बेसिनची पुढची कड भांड्यापासून किती लांब राहते तेही मोजून बघा. जागा पुरेशी नाही असं वाटलं तर बरोबर वाटतंय, आता बेसिन फ्रॉमने कुठे न्यायचं ते तुम्ही ठरवा.